वायफाय कनेक्टेड दाखवते पण नेट नाही: लॅपटॉप फॉरमॅट मारायच्या आधी हे पाहून घ्या

"भाऊ, लॅपटॉपले फॉरमॅट मारून द्या, नेटच चालून नाही राह्यलं." दुकानाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवता ठेवताच हे वाक्य येते, आणि मी दुकानाच्या वायफायला जोडला की तोच लॅपटॉप मस्त पळतो. म्हणजे आजार घरी राह्यला आणि पेशंटऐवजी शेजारी दवाखान्यात आला. यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यांत नेटचे जे बिघाड घडीघडी येतात त्यातले बरेचसे लॅपटॉपचे नसतातच, ते लाइनचे, म्हणजे विजेचे असतात, अडॅप्टरचे असतात, वायरचे असतात, उन्हाचे असतात. तरी लोकं फॉरमॅट मारतात, पोराचा प्रोजेक्ट जातो, फोटो जातात, आणि घरी गेल्यावर नेट तसंच बंद. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो, कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी लक्षण नीट पाहा

नेट बंद आहे एवढं सांगून काही समजत नाही. कसं बंद आहे ते पाहा, यातलं आपलं कोणतं ते ठरवा:

वायफाय कनेक्टेड, पण खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी पृथ्वीचा गोळा, "नो इंटरनेट". मोबाइलवरही नाही.

मोबाइलवर चालते, लॅपटॉपवरच नाही.

लॅपटॉपवर एखादी गोष्ट चालते, बाकी नाही. किंवा प्रत्येक साइटवर लाल इशारा येतो की कनेक्शन सुरक्षित नाही.

चालते, पण ठराविक वेळी जाते. दुपारी दोन-चारच्या मधात, नाही तर सांजच्याला चक्की सुरू झाली की, नाही तर पावसाचे चार थेंब पडले की.

आपल्या वायफायचं नावच लिस्टमध्ये दिसत नाही, शेजाऱ्याचं दिसते.

हॉटस्पॉटवर सकाळी पळते, दुपारनंतर गूगलचं पान उघडायलाही जीव जातो.

हे लक्षण कागदावर लिहून ठेवलं तरी चालते, मेकॅनिकला फोन केला तर तो आधी हेच विचारते.

पहिली तपासणी, फुकटची: मोबाइल

मोबाइल त्याच वायफायला जोडा आणि मोबाइलचा डेटा बंद करा. हे डेटा बंद करायचं सगळे विसरतात. वायफायमध्ये नेट नसलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटते की मोबाइलवर तर वायफाय चालून राह्यलं, म्हणजे लॅपटॉपच खराब. अर्धे लॅपटॉप माझ्याकडे याच गैरसमजातून येतात.

डेटा बंद करून मोबाइलवरही नेट नाही, तर लॅपटॉप बाजूला ठेवा, त्याचा दोष नाही, खाली राउटर आणि वायरचं वाचा. मोबाइलवर चालते आणि लॅपटॉपवर नाही, तर राउटरला हात लावू नका, सरळ लॅपटॉपच्या भागाकडे जा. या एका पाहण्याने निम्मं काम कमी होते.

मोबाइलवरही नसेल तर शेजारी विचारा. गल्लीत त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या कोणाचंही बंद असेल तर बिघाड बाहेर आहे, घरात कितीही खटपट केली तरी येणार नाही. आणि हो, रिचार्ज संपला का ते पाहा. हसू नका, महिना २८ दिवसांचा का ३० दिवसांचा यात घरोघरी घोळ असतो, आणि प्लॅन संपला तरी राउटरचे लाइट तसेच हिरवे राहतात, वायफाय जोडलेलं दाखवते, फक्त आत नेट नसते.

दुसरी: बंद-चालू, पण क्रमाने

बंद करून चालू करा हे सगळेच सांगतात, कसं करायचं ते कोणी सांगत नाही. फायबरचा डबा (बाहेरून आलेली काचेची तार ज्याला लागते तो) आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही बंद करा, मिनिटभर थांबा. आधी फायबरचा डबा लावा, त्याचे लाइट स्थिर व्हायला दोनेक मिनिटं द्या, मंग राउटर, मंग लॅपटॉप. कारण असं की डबा आधी पलीकडच्या मशीनकडे आपली नोंदणी करतो, मग राउटर त्याच्याकडून नेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, मागतो, मग लॅपटॉप राउटरकडून. सगळे एकदम लावले की राउटर मागायला जातो तेव्हा डबा तयारच नसतो, आणि काही राउटर नंतर पुन्हा मागतच नाहीत, तसेच बसून राहतात. लाइन जाऊन आली की नेट येत नाही आणि पुन्हा एकदा बंद-चालू केलं की येते, त्यामागे बऱ्याचदा हेच.

लॅपटॉपचं मात्र "शटडाउन" करू नका, "रीस्टार्ट" करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आहे, शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तेच परत उचलते, म्हणजे अडकलेला वायफायचा ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होते. लोकं सांगतात, रोज बंद करून चालू करतो तरी जात नाही. बंद करता, पण रीस्टार्ट करत नाही ना.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. राउटरच्या मागे बारीक छिद्र असते, रीसेट लिहिलेलं. त्यात सुई घालायची नाही. यूट्यूब पाहून पोरं तेच करतात. त्यात कंपनीने भरलेलं कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसल्या जाऊ शकते, आणि मंग छोटा बिघाड होता तो मोठा होतो, माणूस घरी आल्याशिवाय नेट येत नाही.

तिसरी: लाइट वाचा

फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन, लॉस, लॅन असे लाइट असतात. लॉस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. तो लाल लुकलुकत असेल तर काचेच्या तारेतून उजेडच येत नाही, तार कुठंतरी तुटली किंवा मोडली. अशावेळी पासवर्ड बदलून, राउटर आपटून, अगरबत्ती लावून काही होत नाही. पॉन हिरवा स्थिर म्हणजे नोंदणी झाली, वायरपर्यंत सगळं ठीक. पॉन लुकलुकतो आणि लॉस बंद, म्हणजे उजेड येते पण नोंदणी होत नाही, हे कंपनीच्या बाजूचंही असू शकते. पॉन स्थिर, लॉस बंद, तरी नेट नाही, तर रिचार्ज, युजरनेम किंवा राउटर यातलं काही.

पॉवरचा लाइट मंद दिसतो किंवा डबा आपोआप बंद होऊन चालू होतो? तर पुढचं वाचा, बहुतेक तुमचं उत्तर तिथंच आहे.

चौथी: अडॅप्टर आणि लाइन

आमच्याकडचा खरा चोर हा. राउटरचा काळा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो, काही जुन्या राउटरचा ९ चा. चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये काम करतो असं त्याच्यावरच छापलेलं असते. पण आपल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सांजच्याला लोड आला, चक्की सुरू झाली, शेजाऱ्याने वेल्डिंग लावलं की व्होल्टेज खाली बसते, परत उसळते, आणि वर्षभर असे हेलकावे खाल्लेला अडॅप्टर आतून थकतो. बाहेरून लाइट लागलेला दिसतो, राउटर सुरूही होतो, पण घरातले चार मोबाइल आणि लॅपटॉप एकदम जोडले, व्हिडिओ सुरू केला की राउटर जास्त करंट मागतो, अडॅप्टर देऊ शकत नाही, राउटर मरतो आणि परत उठतो. लोकांना वाटते नेट जाऊन-येऊन करते. नेट जात नाही, राउटर झोपतो.

मल्टिमीटर असेल तर मोजा, पण नुसता अडॅप्टर मोजून फसू नका. थकलेला अडॅप्टर बिनलोड बरोबर १२ दाखवते, राउटर जोडून चालू असताना ९-१० वर येते. म्हणून मोजायचं तर लोडवर, नाही तर सरळ कोणाचा तसलाच चांगला अडॅप्टर घंटाभर लावून पाहा. लावताना व्होल्ट तेवढेच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे. सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिनेत बसतो म्हणून लावतात, तो १ अँपिअरचा आणि राउटर मागतो दीड, मंग तेच रडगाणं. नवा अडॅप्टर दोन-तीनशेत येतो, राउटर बदलायच्या आधी हा बदलून पाहा.

राउटर, कूलर, टीव्ही आणि फोनचे चार्जर सगळे एकाच बोर्डवर असतील तर राउटर तिथून काढा. कूलरचा पंप आणि पंखा सुरू होताना झटका देतो, आणि ढिल्या बोर्डाच्या खाचेत राउटरची पिन हलते. दर वेळी कूलर लावला की नेट जाते असं कोणी सांगितलं तर हसायचं नाही, खरं असते ते.

लाइन जास्त जात असेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, आतमध्ये बॅटरी असते, अडॅप्टर आणि राउटरच्या मधात बसतो. मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा कितीतरी स्वस्त, काही तास राउटर आणि फायबरचा डबा धकतो. लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरी असतेच. पण हे ध्यानात ठेवा, गावची लाइन लांब वेळ गेली की जिथून तुमची तार येते तिथल्या बॅटऱ्याही बसतात, टॉवरच्याही. तेव्हा यूपीएस असूनही नेट जाईल.

वीज कडकडायला लागली की राउटरचा अडॅप्टर आणि लॅपटॉपला जोडलेली लॅनची वायर दोन्ही काढा. फायबर काचेची असते, तिच्यातून करंट येत नाही, पण अडॅप्टरमधून आणि तांब्याच्या वायरमधून येते. मृगाच्या आधीच्या वादळात लॅनचे पोर्ट जळालेले लॅपटॉप दरसाल येतात, वायफाय चालते, वायर लावली की काहीच नाही. बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची.

पाचवी: वायर कुठून येते ते डोळ्याने पाहा

खांबापासून डब्यापर्यंत आलेली पिवळी नाही तर काळी तार हाताने चापसत जा. फायबरला जवळचा बाक सहन होत नाही, बांगडीपेक्षा लहान गोल केला की आतला उजेड कोपऱ्यातून बाहेर सांडतो. खिळ्याला गुंडाळून ठेवलेली, दाराच्या फटीत चेंगरलेली, खिडकीच्या पट्टीखाली दबलेली, हे सगळं मी पाहिलं आहे. आणि दिवाळीनंतरची एक खास आपल्याकडची गोष्ट: भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवतात, नाही तर सोयाबीनचे पोते भिंतीला लावतात, आणि मागून गेलेली तार दबते. त्या घरात नेट दिवाळीपर्यंत ठीक, नंतर सुरू होते तुटतुट. पोते सरकवले की झालं, पैसा लागत नाही.

माळ्यावरून, कवेलूच्या खालून गेलेली तार उंदीर कुरतडतात. बाहेरची तार वानरं ओढतात, टोळी घरावर आली की ज्या तारेवर झोका घेतला ती गेली. गल्लीत नळाच्या पाइपसाठी जेसीबी लागला असेल तर आधी तिथंच विचारा.

डब्याच्या खाली हिरव्या टोकाची क्लिप असते, ती ढिली असेल तर काढून परत नीट टिचकी ऐकू येईपर्यंत बसवा. आतलं पांढरं टोक बोटाने किंवा शर्टाने पुसायचं नाही, बोटाचं तेल लागलं की सिग्नल कमी होतो. आणि तारेच्या टोकात डोळा लावून उजेड येते का पाहायचं नाही. तो लेझरचा उजेड आहे, अवरक्त, डोळ्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. दिसत नाही म्हणून काही नाही असं समजून लोकं वाकून पाहतात, पोरांना तर आधीच सांगून ठेवा.

राउटरच्या पानात जायचं येत असेल तर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा आकडा असतो, उणे मध्ये. उणे १५ ते उणे २४ असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेलं की डबा टिकत नाही. उणे २५-२६ वर असेल तर कोरड्यात चालते आणि पावसात जाते, कारण जोडात पाणी शिरलं की उरलेलाही जातो. हा आकडा तक्रार करताना सांगा, समोरचा माणूस जरा सरळ बोलतो.

सहावी: ऊन, टिन आणि कूलर

दुपारी दोन ते चार नेट जाते आणि सांजच्याला आपोआप येते, तर तार-बिर सोडा, राउटर कुठं ठेवला ते पाहा. साध्या घरगुती राउटरच्या खोक्यावर चालायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असते. चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडे मे महिन्यात बाहेरच ४६-४७ होते, टिनाच्या खालच्या खोलीत वर फळीवर ठेवलेल्या राउटरचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा. राउटर तापला की आधी वायफाय हळू होते, मग सोडून देते, मग स्वतः बंद-चालू होते. खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला, हवा लागेल असा ठेवा. त्याच्यावर रुमाल, विणलेलं कव्हर टाकू नका. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर ठेवू नका, दोघं एकमेकाला तापवतात.

कूलर पुन्हा एकदा, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात नेट हळू झाल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: राउटर आणि लॅपटॉपच्या मधात कूलर आहे का? पत्र्याची पेटी आणि आत पाण्याची टाकी. वायफायला पत्रा आणि पाणी दोन्ही नको असतात, पत्र्यावरून ते परत फिरते आणि पाण्यात जिरते. लोखंडी कपाट, धान्याची कोठी, जुन्या घराच्या दीड-दोन हाताच्या मातीच्या भिंती, यांचंही तेच. राउटर ओसरीच्या मधल्या दाराजवळ, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणला तर फरक लगेच दिसते. आधी जागा बदला, मग बूस्टर घ्यायचा विचार करा.

राउटर दोन बँडवर असेल तर २.४ गीगाहर्ट्झ लांब जाते पण हळू, ५ गीगाहर्ट्झ पळते पण मातीची भिंत ओलांडता ओलांडता थकते. मागच्या खोलीत बसून ५ वर जोडलं तर तुटणारच, तिथं २.४ वापरा.

वरच्या खोलीसाठी जुना राउटर लावला असेल तर जरा इकडे लक्ष द्या. जुन्या राउटरमध्ये पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, चालूच राहिलं असेल तर घरात दोन वाटेकरी होतात, आणि दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर मंग पाहायलाच नको, कधी चालते कधी नाही, कोणाला चालते कोणाला नाही. तो जुना राउटर काढून पाहा. नेट सुधारलं तर त्याचं डीएचसीपी बंद करून, पत्ता बदलून, मगच परत लावा.

आता लॅपटॉप

इथपर्यंत फक्त तेव्हाच यायचं जेव्हा मोबाइल डेटा बंद करूनही त्याच वायफायवर चालतो.

आधी एरोप्लेन मोड. कीबोर्डवर वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असते, लहान पोराचा हात लागतो आणि वायफाय बंद होते. मंग तारीख-वेळ पाहा. जुन्या लॅपटॉपमध्ये आतला छोटा सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख मागच्या कोणत्यातरी वर्षावर जाते, आणि साइटची सुरक्षिततेची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, तारीख चुकली की क्रोम म्हणते घड्याळ मागे आहे आणि काहीच उघडू देत नाही. नेट असते, उघडत काही नाही. तारीख दुरुस्त करा. रोज रोज चुकत असेल तर सेल बदला, बऱ्याच मॉडेलात सीआर २०३२ नावाचा, किराणा दुकानातही मिळतो, बसवायला लॅपटॉप उघडावा लागते तेवढंच.

एकच साइट उघडत नसेल, तेही फॉर्मच्या शेवटच्या तारखेला, तर लॅपटॉप निर्दोष आहे. दुसऱ्या चार साइट उघडतात ना? मंग पहाटे पाचला उठून भरा, तेव्हा उघडते.

मग वायफायच्या नावावर जाऊन "फरगेट" करा आणि पासवर्ड नव्याने टाका. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोकत राहतो.

मोफत व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवणारं अॅप, टाकलेला असेल तर काढा. प्रॉक्सी, म्हणजे नेट मधल्या दुसऱ्या मशीनमधून आणायची सेटिंग, तीही पाहा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, तिथं "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" बंद पाहिजे. पुण्या-नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आलेल्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये हे हमखास सापडते, कॉलेजच्या नेटसाठी प्रॉक्सी किंवा ठरावीक आयपी टाकलेला असतो, तिथं चालते, घरी नाही. तसंच क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं की तेही कधी कधी प्रॉक्सी घालून जाते.

आता काळी खिडकी. स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करा, एंटर. त्यात आयपीकॉन्फिग, मधे जागा न सोडता. "आयपीव्ही४ अॅड्रेस" समोर काय येते ते पाहा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मिळाला नाही, विंडोजने स्वतःच काहीतरी बनवून घेतला आहे, या पत्त्यावर नेट चालणार नाही. तेव्हा वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट "ऑटोमॅटिक" आहे का पाहा, राउटरला बंद-चालू करा, वरचा दोन राउटरचा घोळ आठवा.

पत्ता बरोबर असेल तर पिंग, जागा, ८.८.८.८, एंटर. उत्तरं येऊन राह्यली आणि तरी साइट उघडत नाही, म्हणजे रस्ता आहे पण नावाचा पत्ता शोधणारा, डीएनएस, काम करत नाही. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही फुकट. हा उपाय फक्त याच लक्षणाला लागू आहे. नेट हळू आहे म्हणून डीएनएस बदलला तर व्हिडिओ जास्त पळत नाही, कोणी कितीही सांगो.

दहा मिनिटं हात लावला नाही की वायफाय तुटते? डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडॅप्टर्स, वायरलेसच्या नावावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या अशा अर्थाची जी टिक आहे ती काढा. काही नव्या लॅपटॉपात तो टॅबच नसतो, तिथं बॅटरीचा मोड "बेस्ट परफॉर्मन्स" करून पाहा.

वायफायचं नाव दिसतच नाही, त्याचीही दोन-तीन कारणं ठरलेली. जुना लॅपटॉप फक्त २.४ ओळखतो आणि राउटरवर ५ च चालू आहे. किंवा राउटर आपोआप चॅनल १२-१३ वर गेला आहे, भारतात ते चालतात, पण काही लॅपटॉप ११ च्या पुढे पाहतच नाहीत. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ ठरवून टाका. आणि नाव दिसते पण जोडतच नाही, तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल, जुन्या लॅपटॉपसाठी ती डब्ल्यूपीए२ करा.

वायफायचं बटणच सेटिंगमधून गायब झालं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. अडकलेलं कार्ड पुष्कळदा एवढ्यानेच परत येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण किंवा कोड १० दिसत असेल तर ड्रायव्हर. विंडोजच्या अपडेटनंतर लगेच झालं असेल तर तिथंच "रोल बॅक ड्रायव्हर" दाबा. नाही तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. नेट नाही तर घेणार कसा? मोबाइल यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला वायरने नेट मिळते. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका, ती एक काम करतात आणि चार आणून ठेवतात.

हा यूएसबी टेदरिंगचा प्रयोग तसाही करून पाहाच. त्याच्यावर लॅपटॉप छान चालला तर विंडोज चांगलं आहे, बिघाड वायफायच्या कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये, फॉरमॅटची गरज नाही.

शेवटचा घरचा उपाय नेटवर्क रीसेट. विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. सगळे वायफायचे पासवर्ड जातात, ते आधी लिहून घ्या. फाइल, फोटो, काही जात नाही. जे काम लोकं फॉरमॅटकडून करून घ्यायला पाहतात ते हे करून देते.

हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांसाठी थोडं

वावरात राहणाऱ्यांकडे, फायबर न पोहोचलेल्या पोडा-तांड्यावर सगळं हॉटस्पॉटवरच असते. रोजचा दीड-दोन जीबी संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्याच्यात मेसेज जातो, साइट नाही. आणि तो डेटा खाते कोण? विंडोजचं अपडेट. लॅपटॉपमध्ये त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा, अपडेट बरंचसं थांबते, वनड्राइव्हही शांत बसते. मोबाइल खिडकीत ठेवा, लॅपटॉपजवळ नाही, कारण फोनला टॉवर दिसला पाहिजे, लॅपटॉपला तर फोन तसाही दोन खोल्यांतून दिसते. सांजच्या सात ते रात्री अकरा पूर्ण गाव मोबाइलवर असते, त्या वेळचा हळूपणा कोणत्याच सेटिंगने जात नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

लॉसचा लाइट लाल आणि घरातली तार कुठं दबलेली नाही: कंपनीला फोन. फायबरचा जोड मशीनने लागतो, टेप गुंडाळून जमत नाही. खांबावर स्वतः चढायचं नाही, त्याच खांबावर विजेची लाइनही असते. तक्रार करताना तक्रार क्रमांक मागून घ्या, कंपनीने तो द्यायचाच असतो, ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमात तसं आहे, आणि काम नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्या क्रमांकावर दाद मागता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही आहेच.

अडॅप्टर किंवा बोर्डातून जळका वास आला, राउटरला हात लावल्यावर झिणझिणी आली: आधी मेन बंद, मग वायरमन. ते नेटचं काम नाही, अर्थिंगचं आहे.

लॅपटॉपचं कार्ड दोन-तीनदा ड्रायव्हर टाकूनही परत गायब होत असेल, तर दुकानात न्या, पण वॉरंटी असेल तर दुसऱ्याला उघडू देऊ नका, सर्व्हिस सेंटरलाच. वॉरंटी संपली असेल तर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल पाचेकशेत मिळतो, आतलं कार्ड बदलण्यापेक्षा तोच परवडते. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर नेट राहू द्या, लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, तसाच घेऊन या.

दुकानात आणताना लॅपटॉपसोबत राउटर आणि त्याचा अडॅप्टरही पिशवीत टाका.